नामदेवचे जूल

दांडी गावात होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायची तर दोराला वीस माणसं लागतात आणि एक न ओढणारा लागतो. हा न ओढणारा म्हणजे नामदेव. आता तुम्ही म्हणाल, न ओढणारे तर कुठल्याही गावात पैशाला पासरी मिळतील, त्यात काय एवढं! पण जरा दम धरा. हा न ओढणारा नसला तर ते वीस ओढणारे नुसते दोर धरून उभे राहतात, असा गावाचा अनुभव आहे.

नामदेव लहानपणी ताडगोळ्यांच्या नादाने ताडावर चढला आणि निम्म्यावरून खाली आला. जीव वाचला, पण उजवा खांदा जागचा हलला. हाड बसवणाऱ्याने तो बसवला खरा, पण वाकडा. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही आणि जोर लावला की आतून कळ येते. नाखव्याच्या घरात दोर न ओढणारा मुलगा म्हणजे चुलीला न लागणारं लाकूड. बापाने त्याला जाळी शिवायला बसवलं. त्यात त्याचा हात चांगला बसला, आजही दांडीत फाटलं जाळं त्याच्याच ओट्यावर येतं. समुद्रावर मात्र तो गेला नाही आणि दोर म्हणून त्याने कधी ओढला नाही.

आवाज मात्र देवाने दिला होता. त्याने ओट्यावरून बायकोला हाक मारली तर पलीकडच्या आळीतल्या दोन-तीन बायका ‘काय वो’ म्हणत दारात येत. गावातल्या जुन्या हाकाऱ्याचा घसा बसला तेव्हा लोकांनी या पोराला धरून होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, उभं केलं. तेव्हापासून मे महिना सरत आला, मासेमारी बंद व्हायची वेळ आली, की गावातल्या होड्या नामदेवच्या हाकेवर वर येतात.

हाक म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. तेल मारलेल्या फळ्या वाळूवर पसरलेल्या असतात. लांब दोर घेऊन माणसं पुढे गेलेली असतात. नामदेव नाळेशी उभा राहून फळ्या बघतो, मागून येणारी लाट बघतो, तिने मागचा भाग जरा उचलला की हाक देतो. ‘वाळू सोड गो बाय!’ माणसं ओरडतात, ‘हैस्सा!’ ‘भात निवतो घरी!’ ‘हैस्सा!’ ‘अंकुश झोपला दोरावर!’ ‘हैस्सा!’ हाक दिली की तो एक श्वासभर थांबतो, मग ‘हैस्सा’ सोडतो आणि माणसं ते उचलतात. त्या थांबण्यात वीस जणांचे पाय वाळूत रुततात आणि वीस जणांचा झटका एकदम बसतो.

होडी जागेवर आली की मालक नाळेवर नारळ फोडतो. पहिलं भक्कल, म्हणजे नारळाची अर्धी वाटी, हाकाऱ्याला. मग मालकाच्या घरी जेवण, त्यातही पहिलं ताट हाकाऱ्याचं. ही रीत गावाने घातलेली, नामदेवने मागितलेली नव्हे. उलट ते भक्कल हातात घेताना त्याची मान खाली जायची. समोर घामाने निथळणारी, तळव्यांना फोड आलेली माणसं उभी, आणि आपण काय केलं, तर बोंबललो! आपण फुकटचं खातो, अशी लाज त्याला दर वर्षी वाटायची. मग तो आदल्या दिवशी फळ्या वाहायचा, पाणी आणून ठेवायचा, सगळे गेल्यावर दोर गुंडाळत बसायचा. याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

तर यंदाची गोष्ट. अंकुश हा गावातलाच, बापाची होडी आता त्याच्या नावावर. तो स्वतः बोईसरला एमआयडीसीत फिटर. होडीवर भाऊ जातो, हा कारखान्यात. अंकुशच्या डोक्यात विंच बसवायचा किडा वळवळू लागला. मोटर, ड्रम, तारेचा दोर, की झालं, वीस जणांच्या पाया पडायला नको. पण मोटर केवढी घ्यायची? दुकानदार सांगतो पाच घोड्यांची, मित्र म्हणतो दोन बस. शेवटी रविवारी तो नामदेवच्या ओट्यावर आला. नामदेवकडे नव्हे, त्याच्या नातीकडे. हेमाली पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. नामदेव कोपऱ्यात जाळं घेऊन बसलेला होताच.

‘आमच्या युनिटला तीन टनी विंच हाय,’ अंकुशने सुरुवात केली, ‘पन तो उचलायचा. मला वडायचा पायजे.’

‘आधी बल काढू,’ हेमाली म्हणाली. ‘होडी किती टनाची?’

‘चार धर.’

‘चार हजार किलो. एका किलोचं वजन साधारण दहा न्यूटन. म्हणजे चाळीस हजार न्यूटन. पण आपण उचलत नाही, घासत नेतो. फळ्यांना तेल असलं तर पाचवा हिस्सा धरू. आठ हजार न्यूटन.’

‘किलोत बोल ना गो! आमच्याकडं प्रेशरपन किलोतच बोलतात.’

‘म्हणून तर घोळ होतो. किलो म्हणजे माल किती आहे ते. जोर किती लावला ते न्यूटन.’ ती शिकवणीच्या सुरात गेली. ‘आता होडी पन्नास मीटर आणायची. आठ हजार गुणिले पन्नास, चार लाख जूल. हे झालं कार्य. ते किती वेळात करायचं, त्यावर शक्ती ठरते, ती वॉटमध्ये. दोन घोड्यांची मोटर म्हणजे दीड हजार वॉटला थोडी कमी. घासाघीस, गियर, सगळं धरून सहा-सात मिनिटांत होडी वर.’

वॉट हा शब्द गावाला नवा नव्हता. वीज केंद्र किनाऱ्यावरच असल्यामुळे दांडीच्या शेंबड्या पोराला मेगावॉट ठाऊक असतो. जूल मात्र ओट्यावर पहिल्यांदाच आला होता. अंकुशने विचारलं, ‘चार लाख जूल म्हणजे लाइटबिलाचं युनिट किती?’

हेमालीने आकडा केला आणि तिचं तिलाच हसू आलं. ‘एक युनिट म्हणजे छत्तीस लाख जूल. एका युनिटात नऊ होड्या! आपली एक होडी म्हणजे हा वरचा पंखा दीड तास फिरला तेवढंच.’

अंकुशने पंख्याकडे बघितलं. ‘वीस मानसं मरमर मरतात ते दीड तास पंखा? नाय गो, कायतरी चुकतंय तुजं.’

चुकलं नव्हतं. तिने दोनदा करून दाखवलं. अंकुशने मग माणसांवरून ताळा घेतला. वीस माणसं, प्रत्येकी चारशे न्यूटन धरलं तर बरोब्बर आठ हजार. जमलं! तेवढ्यात कोपऱ्यातून जाळ्यावरचा हात थांबवून नामदेव म्हणाला, ‘आनि मी?’

हेमालीला प्रश्न कळला नाही.

‘मी किती न्यूटन? मला धरला नाय तू.’

बिचारीने शिकवणीत देतात तसं उत्तर दिलं. ‘आजा, तुमचं बल होडीला लागतच नाही ना. म्हणून तुमचं कार्य शून्य.’

आता नामदेवच्या बोलीत कार्य म्हणजे लग्न नाहीतर बारावं. तो उसळून म्हणाला, ‘शून्य कसं? या घरात तीन कार्यं केली मी! तुज्या बापसाचं लगीन तिसरं.’

अंकुश ओटाभर हसला. हेमालीही हसली, मग तिने समजावून सांगितलं की पुस्तकातलं कार्य वेगळं. जोर लावला आणि वस्तू जोराच्या दिशेने सरकली, तरच कार्य. जोर लावून वस्तू तसूभर हलली नाही तर शून्य. जोरच लावला नाही तर मग शून्यच शून्य. नामदेवने सगळं ऐकून घेतलं. ‘बरोबर हाय,’ म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. ज्याची इतकी वर्षं आतल्या आत लाज वाटत होती, ते आता बीएस्सी झालेल्या नातीने मोजून सांगितलं होतं.

गावात ही बातमी वाऱ्यासारखी फिरली आणि तिच्यावरून जो शिमगा झाला तो काय सांगावा! ओढणारे पंख्यावरून खवळले. ‘अंकुश, तुजी होडी पंख्यालाच बांध!’ असं त्याला गल्लीत ऐकावं लागलं. नामदेवच्या शून्यावर मात्र कुणी फारसं बोललं नाही. एक-दोघांनी ‘काय जूल, कुठं निघालास’ अशी थट्टा केली, ती तर दांडीची रीतच. पण नामदेवला वाटलं, लोक बोलत नाहीत म्हणजे त्यांनाही पटलंय. त्याचं जेवण कमी झालं. काशीबाई, त्याची बायको, बोंबील घोळवता घोळवता नातीवर करवादली, ‘शिकवन्या घ्यायला दुसरा कोन नाय गावला तुला? आजाला शून्य द्यायला लागलीस ती?’

‘मग खोटं सांगू काय, आजी?’ हेमाली रडकुंडीला आली. ‘नियम तसाच आहे.’

आणि नियम तसाच आहे, यात वाद नाही. पोरीचं काहीही चुकलं नव्हतं.

ओढायचा दिवस उजाडला. विंच यायला अजून अवकाश होता, त्यामुळे अंकुशला वीस जणांच्या पाया पडावंच लागलं. पंख्यावरून टोमणे मारत का होईना, सगळे आले. फळ्या पसरल्या, तेल मारलं, दोर ताणला. झाडाच्या सावलीत बायका डबे आणि कळशा घेऊन बसल्या, त्यांत काशीबाई आणि हेमाली. नामदेवसाठी नाळेपाशी जागा मोकळी ठेवलेली. तो तिच्यावरून सरळ पुढे गेला आणि दोरावर, सगळ्यांच्या मागे, उभा राहिला.

‘नामाकाका, हिकडं कुठं?’ अंकुश धावत आला.

‘आज जूल करतो.’

‘अवो, खांदा तुमचा!’

‘डावा हाय ना. तू हाक दे. तुज्या युनिटात मशीन उचलताना देतोस ना?’

अंकुशने हातापाया पडून बघितलं, पण नामदेवने दोर डाव्या खांद्यावर घेतला होता आणि तो आता सोडणार नव्हता. साठी उलटलेल्या माणसाने हट्टाला पेटायचं ठरवलं की त्याला ब्रह्मदेवही हलवू शकत नाही, अंकुश तर फिटर. तो नाळेपाशी जाऊन कारखान्याच्या पद्धतीने ओरडला, ‘एक, दोन, तीन!’

आता गंमत बघा. निम्म्यांनी ‘तीन’वर ओढलं आणि निम्म्यांनी ‘तीन’ झाल्यावर. पहिल्यांचा दम संपला तेव्हा दुसऱ्यांनी जोर लावला. दोर ताणला, सैल पडला, पुन्हा ताणला. होडी आपली जागच्या जागी. पुन्हा एक, दोन, तीन. या खेपेला अंकुशने मागची लाट बघितली नाही, ती निघून गेल्यावर हाक दिली आणि होडीचं बूड वाळूत आणखी बसलं. असं बराच वेळ चाललं. माणसं लालबुंद झाली, एकमेकांवर खेकसू लागली. नामदेवच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण तो दोर सोडेना.

शेवटी सगळे वाळूत बसले. नामदेवने धापा टाकत सावलीकडे तोंड करून विचारलं, ‘हेमाली! माजे किती जूल झाले?’

ती कळशीवरचं झाकण नीट करू लागली.

‘सांग, सांग. लाजू नको.’

‘शून्य, आजा. होडी हललीच नाही.’

‘आनि ह्यांचे?’

‘त्यांचेपण शून्य.’

दोरावरच्या माणसांनी माना वर केल्या. ‘काय? आमचेबी?’ नामदेव हसू लागला. वाळूत बसून, खांदा धरून, पोट हलेपर्यंत हसला. ‘या रे, या! आता समदे माज्या पंगतीला!’ इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं फारसं चांगल्या मनाचं नव्हतं, हेही खरं.

‘हसू नका, हाक द्या,’ अंकुश हात जोडून म्हणाला. ‘भरती उतरते हाय.’

सगळे नामदेवकडे बघत होते. त्याला उठून नाळेशी जाता आलं असतं आणि गेला असता तर मानही मिळाला असता. पण त्याला ते शून्य घेऊन परत तिथे उभं राहायचं नव्हतं. आपल्या नावावर एक तरी जूल पाहिजे, मग जीव गेला तरी चालेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो म्हणाला, ‘हेमाली देईल हाक. लहानपनापासून ऐकते हाय. तिला समदं येतं.’

होडीच्या नाळेशी बाई उभी राहिल्याचं दांडीत कुणी बघितलं नव्हतं. एक-दोघं कुजबुजले. हेमाली तर जागची हलेना. तेव्हा काशीबाईने तिला पाठीत ढकललं. ‘जा गो! घरात मला वरडतेस तवा लाज नाय वाटत. आनि भरती तुजी वाट बघत थांबनार नाय.’

हेमाली नाळेशी गेली. सगळ्यांच्या मागे नामदेवने पुन्हा डावा खांदा लावला आणि सगळ्यांसारखं गावाकडे तोंड केलं. आणि इथे त्याला एक गोष्ट पहिल्यांदा कळली. होडी दिसत नाही. दोर खांद्यावर घेऊन ओढायचं म्हणजे होडीकडे पाठ. समोर असते पुढच्या माणसाची घामट बंडी, खाली वाळू, बस. लाट आली की गेली, फळी सरळ आहे की तिरकी झाली, होडी हलली की कलंडून अंगावर येते आहे, काही म्हणजे काही कळत नाही. इतका वेळ तो रागाने ओढत होता म्हणून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आता हाकेची वाट बघत उभा राहिला तेव्हा आलं. चार टनांची होडी पाठीमागे, आणि आपण आंधळे.

‘वाळू सोड गो बाय!’ हेमालीचा आवाज चिरकला. ती थांबलीच नाही, तिने घाईने ‘हैस्सा’ही म्हणून टाकलं. दोर नुसता थरथरला. नामदेवने मागे न बघता ओरडून सांगितलं, ‘लाट बघ! मंग थांब! मंग सोड!’

त्याला लाटेचा आवाज आला. ती कुठवर आली ते दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं. वीस माणसं एका पोरीच्या आवाजासाठी पाठ करून उभी होती.

‘भात निवतो घरीऽ!’ ती थांबली. पाय रुतले.

‘हैस्सा!’

आणि खांद्यावरचा दोर पुढे गेला. हातभर असेल. पण गेला. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं, पुन्हा झटका. ‘अंकुश झोपला दोरावर!’ असंही ती म्हणाली तेव्हा माणसं हसली आणि हसता हसता ओढत राहिली. उजव्या खांद्यातून जीवघेणी कळ येत होती, तोंडात वाळू गेली होती, आणि नामदेवचे जूल होत होते. किती झाले ते हेमाली सांगू शकली असती. त्याने विचारलं नाही.

होडी जागेवर आली. अंकुशने नाळेवर नारळ फोडला, पहिलं भक्कल घेतलं आणि तो घुटमळला. नामाकाकाला द्यावं की पोरीला? नामदेव ओढणाऱ्यांच्या रांगेत हात पुढे करून उभा होता. त्याने मानेनेच हेमालीकडे खूण केली. हेमालीने ते घेतलं, आणि घेताना तिचीही मान खाली गेली. ‘आजा, मी काही केलंच नाही, नुसती ओरडले,’ ती म्हणाली. नामदेवच्या वाट्याला खोबऱ्याचा लहानसा तुकडा आला, तो त्याने चावून खाल्ला.

विंच मात्र येणार होता, येणारच होता. जेवताना अंकुशने सांगूनही टाकलं की दोन घोड्यांची मोटर ठरली, हिशेब हेमालीचाच. विंचला हाक लागत नाही. पुढच्या मे महिन्यात अंकुशची होडी सहा-सात मिनिटांत वर येईल, आणि एकाची आली की बाकीचेही विंच घेतील, हे पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. कुणी वाईट तोंड केलं नाही. तळव्यांना फोड आलेला माणूस विंचला कशाला नावं ठेवेल!

घरी आल्यावर काशीबाई नवऱ्याच्या खांद्याला गरम तेल लावायला बसली. तोंडाचा पट्टा चालूच होता, या वयात काय अवदसा आठवली म्हणून. एकदम नामदेवचे डोळे भरून आले.

‘काय झालं? लई दुकतं काय?’

‘त्यांना होडी दिसत नाय गो,’ तो म्हणाला. ‘दोरावरच्यांना. एवढी वरसं माज्या एका हाकेवर पाठ करून उबे रायले. मला ठाऊकच नव्हतं.’

काशीबाईचा हात थांबला नाही. ‘त्यांना समद्यांना ठाऊक व्हतं,’ ती म्हणाली. ‘म्हनून तर पयलं ताट तुमाला वाडायचे.’